तापणारी जीप



चांदा जिल्ह्याचें नांव १९६४ सालीं चंद्रपूर झालें, आणि १९८२ सालच्या ऑगस्ट महिन्यांत त्याचा पूर्वेकडचा अरण्यमय भाग निराळा काढून गडचिरोली जिल्हा करण्यांत आला. जमिनीची वांटणी झाली, कचेऱ्यांची झाली. उन्हाळा मात्र कोणी वांटून घेतला नाहीं. तो दोन्ही जिल्ह्यांस अखंड मिळाला आहे. मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा ४७ अंशांवर जाणें ही तेथें बातमी नव्हे. तो ४८ ला टेकला म्हणजेच वर्तमानपत्रें त्याची दखल घेतात. अशा दिवशीं माणसें वाळ्याच्या ताट्यांआड बसतात, म्हशी डबक्यांत बसतात, आणि जंगलांतला वाघसुद्धां पाणवठ्यांत पाठमोरा उतरून गळ्याएवढ्या पाण्यांत बसून राहतो. बसण्याची सोय नाहीं ती फक्त मोटारीस. तेंदूपानांचा हंगाम याच दिवसांत, लग्नसराई याच दिवसांत, ताडोब्यास प्रवाशांची झुंबड याच दिवसांत. आणि आजारपण तर हंगाम पाहून येतच नाहीं.

या मुलखांत जुन्या जीपगाड्यांस मोठीं इंजिनें बसवून, चाकें वाढवून, पुढें लोखंडी कठडे लावून त्या रानवाटांना जुंपण्याची चाल आहे. या गाड्या उकळतात कां, आणि त्यांस निवविण्याचा खरा उपाय कोणता, एवढाच आजच्या भाषणाचा विषय. विषय थोडासा तेलकट आहे, याबद्दल आरंभींच क्षमा असावी.

जीप ही मूळची लढाईंतली गाडी. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपल्यावर आपल्या देशांतही त्या आल्या, आणि पुढें महिंद्रांनीं त्यांची बांधणीच येथें सुरू केली. त्या पहिल्या जीपचें पेट्रोल इंजिन ६० अश्वशक्तीचें होतें, आणि तिच्या पुढच्या उभ्या पट्ट्यांमागें असलेला रेडिएटर त्या ६० अश्वशक्तींच्याच हिशेबानें केलेला होता. हा हिशेब ध्यानांत ठेवावा, कारण आपल्या कथेंतला सारा घोटाळा येथूनच सुरू होतो.

इंजिनांत जळणाऱ्या इंधनाची सर्वच शक्ति चाकांना मिळत नाहीं. स्थूलमानानें तिचे तीन वांटे होतात. एक वांटा गाडी ओढतो, एक धुराबरोबर नळींतून निघून जातो, आणि एक इंजिनाभोवतीं खेळणाऱ्या पाण्याच्या पदरीं पडतो. म्हणजे ६० अश्वशक्तीचें इंजिन पूर्ण जोरानें चालूं लागलें कीं, जवळजवळ तितकीच उष्णता त्या पाण्यांत ओतली जाते. घरगुती भाषेंत सांगावयाचें तर, स्नानघरांतले वीस-बावीस विजेचे बंब एकाच वेळीं चालूं केल्याप्रमाणें तें आहे. ही सगळी उष्णता दोन हात रुंदीच्याही नसलेल्या एका जाळींतून वाऱ्यावर सोडून द्यावयाची, हें रेडिएटराचें काम.

आतां रेडिएटर उष्णता टाकतो ती पाणी व हवा यांच्या तापमानांत जेवढें अंतर असेल त्या मानानें. पौषांतल्या सकाळीं हवा २० अंश आणि पाणी ९० अंश, अंतर ७०. वैशाखांतल्या दुपारीं हवा ४७ अंश. अंतर उरलें ४३. तोच रेडिएटर, तेंच पाणी, तोच पंखा. पण काम जेमतेम तीन-पंचमांश. हिंवाळ्यांत ज्या गाडीची कोणी तक्रार केली नाहीं ती मे महिन्यांत एकाएकीं बिघडली असें मालक म्हणतो. ती बिघडलेली नसते. हातचें राखून ठेवलेलें होतें तें संपलेलें असतें.

अशा स्थितींत त्या जीपमध्यें ९० अश्वशक्तीचें, टर्बो लावलेलें डिझेल इंजिन बसविलें म्हणजे काय होईल तें निराळें सांगावयास नको. तथापि दोष नेहमीं रेडिएटराच्या लहानपणाचाच असतो, ही जी समजूत आमच्या गॅरेजांतून पसरलेली आहे, ती मला मान्य नाहीं. गाडी उकळली कीं रेडिएटर बदला, पुन्हां उकळली कीं आणखी मोठा बसवा, हें वैद्यक म्हणजे प्रत्येक तापाला क्विनाइन देण्यासारखें आहे. आधीं ताप केव्हां चढतो तें विचारलें पाहिजे.

गाडी सपाट मोठ्या रस्त्यावर वेगानें जातांना तापते, कीं रानांतल्या वाटेनें रांगतांना तापते? हा पहिला प्रश्न. वेगांत वारा आपोआप जाळींतून जातो. तरीही पाणी उकळत असेल तर पाण्याच्या बाजूला दोष आहे. नळ्या आंतून बुजल्या असतील, पंपाचीं पातीं झिजलीं असतील, किंवा खालची रबरी नळी पंपाच्या ओढीनें चपटी होत असेल. उलट, वेगांत शांत आणि चढावर रांगतांना उकळते अशी गाडी असेल तर पाण्यास सोडून द्यावें व वाऱ्याकडे पाहावें. आणि पाणी कोठें गळत तर नाहीं, तरी रोज कमी होतें, थंड इंजिन सुरू करतांच रेडिएटरांत बुडबुडे येतात, नळींतून पांढरा धूर निघतो, असें असल्यास हेड गॅस्केट गेलें समजावें. तेथें पंखा आणि रेडिएटर दोघेही निरपराध आहेत.

आलापल्लीहून भामरागडच्या अंगाला चालणाऱ्या एका जीपचें उदाहरण सांगतों. मालक स्वतःच चालक. आठवड्याच्या बाजाराला माणसें नेणें, परत येतांना धान्य आणि मीठ आणणें, आणि रात्रीं-अपरात्रीं हांक आली तर रोगी पोंचविणें, हा त्यांचा व्यवसाय. जुन्या सांगाड्यांत एका मालवाहू टेंपोचें डिझेल इंजिन बसविलेलें. दोन उन्हाळ्यांत दोन रेडिएटर बदलले होते. थर्मोस्टॅट काढून फेंकून दिला होता. पाण्याचें झाकण तीनदां नवें घेतलें होतें. चंद्रपूरहून आष्टीपर्यंत गाडी बिनतक्रार येई. आलापल्लीच्या पुढें सागवानांच्या रानांत वाट खडबडीत झाली, वेग पंधरावर आला, कीं कांटा तांबड्या रेघेकडे निघे. एकदां सर्पदंशाचा रोगी मागें आणि गाडी वाफेच्या ढगांत उभी, असा प्रसंग त्यांच्यावर येऊन गेला होता. सुदैवानें मागून दुसरें वाहन आलें. त्यानंतर रात्रींची हांक घेण्याची त्यांस भीति वाटूं लागली, आणि म्हणून ते गाडी घेऊन आले.

वेगांत शांत, रांगतांना उष्ण: म्हणजे निदान अर्धें झालेंच होतें. बॉनेट उघडल्यावर उरलेलें अर्धें डोळ्यांनींच दिसलें. नवें इंजिन जुन्यापेक्षां खालीं व मागें बसलेलें होतें. त्यामुळें पंखा जाळीपासून चार इंच दूर, आणि त्याचा मध्य रेडिएटराच्या मध्याहून तीन इंच खालीं. वरच्या तिसऱ्या हिश्शाला वाराच मिळत नव्हता, आणि सर्वांत कढत पाणी तर तेथेंच येतें! शिवाय पंख्याभोवतीं पत्र्याचें कडें नव्हतें. कारागीर याला श्राउड म्हणतात, आणि इंजिन बदलतांना पहिल्यांदा जी वस्तु भंगारांत जाते ती हीच. कडें नसलें कीं पंखा जाळींतून हवा ओढण्याऐवजीं कडेची तीच गरम हवा पुनःपुन्हां घुसळीत राहतो. ताक होत नाहीं, नुसती रवी फिरते.

पुढच्या बाजूस चार मोठे दिवे, एक डिझेलचा डबा आणि दोन भोंगे अशी आरास होती. ती उतरविल्यावर जाळीकडे पाहिलें तों तिच्या पापुद्र्यांत कुसळें गच्च बसलेलीं. आपल्या रानांतलें वाळलें गवत उंच वाढतें आणि त्याचीं कुसळें धोतराला जशीं चिकटतात तशींच रेडिएटरालाही चिकटतात. त्यांवर कोळशाच्या रस्त्याची काळी धूळ बसली कीं नमदाच तयार होतो. हें सारें पुढून पाण्याचा फवारा मारून निघत नाहीं, उलट आंत ठासलें जातें. इंजिनाच्या बाजूनें, मागून पुढें, हलक्या धारेनें धुवावें लागतें. जोराची धार पापुद्रे वांकवते आणि मग दोष कायमचाच होतो.

उपाय पुष्कळ महाग नव्हता. रेडिएटर दोन इंच मागें घेतला आणि खालच्या कंसांत बदल करून थोडा उतरविला. पंखा आणि पंपाची कप्पी यांच्यामध्यें इंचभर जाडीची चकती घातली. याहून जाड घालूं नये, पंपाच्या बेअरिंगवर भार येतो. जस्ताच्या पत्र्याचें कडें करून घेतलें, तें जाळीच्या चारी कडांना रबराच्या पट्टीनें घट्ट बसविलें, आणि पंख्याच्या पात्यांपासून भोंवतीं सुमारें एक इंच मोकळें ठेविलें, कारण खडबडीत वाटेवर इंजिन आपल्या पायांवर डुलतें. पातें अर्धें कड्याच्या आंत, अर्धें बाहेर राहील असें पाहिलें. दिवे बाजूला गेले, डबा मागें गेला. भोंगा एकच राहिला. मालकांस तेवढें दुःख झालें.

थर्मोस्टॅट पुन्हां बसविला, तेव्हां मात्र वाद झाला. तो काढल्यानें पाणी मोकळें फिरतें आणि गाडी थंड राहते, असा आमच्याकडे पक्का समज आहे. वस्तुतः पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडतांना दुसरी एक आडवाट बंद करीत असतो. तो नसला कीं ती आडवाट सदा उघडी राहते आणि पाण्याचा कांहीं भाग रेडिएटराकडे न जातांच इंजिनांत परत फिरतो. ८२ अंशांवर उघडणारा चांगला थर्मोस्टॅट कढत पाण्याच्या पातेल्यांत टाकून, उघडतो कीं नाहीं हें पाहूनच बसवावा.

दाबाच्या झाकणाविषयींही दोन शब्द. मोकळें पाणी १०० अंशांवर उकळतें. झाकणानें आंत एका वातावरणाइतका अधिक दाब धरला तर १२० च्या सुमारास. शंभर-दीडशें रुपये वांचविण्यासाठीं सैल झाकण वापरणारा मनुष्य हे वीस अंश दान करीत असतो. आणि पाणी कोणतें? राजुरा-कोरपन्याकडे जमिनींत चुनखडी आहे, म्हणूनच तेथें सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. त्या बाजूच्या विहिरींचें पाणी रेडिएटरांत घालीत गेल्यास नळ्यांच्या आंत चुन्याचा थर बसणारच. ऊर्ध्वपातित पाणी आणि कुलंट निम्मेंनिम्म घालावें. कुलंट केवळ थंड प्रदेशासाठीं आहे असें म्हणणारांनीं ध्यानांत घ्यावें कीं तें उकळण्याचा बिंदुही वाढवितें आणि गंजही रोखतें.

दुरुस्तीनंतर ती जीप मेच्या मध्यावर, दुपारीं दोन वाजतां, सात माणसें बसवून त्याच वाटेवर नेली. कांटा ९४ अंशांवर चढला आणि तेथें थांबला. चालकांस एक संवय मात्र बदलावी लागली. चढावर मोठ्या गिअरमध्यें इंजिन रेटीत नेण्याऐवजीं ट्रान्स्फर केसचा लहान गिअर टाकावयाचा. इंजिनाचे फेरे वाढतात, त्याबरोबर पंपाचे आणि पंख्याचेही वाढतात, आणि प्रत्येक दट्ट्यावरचा भार हलका होतो.

ताडोब्याच्या जिप्सींचा प्रश्न थोडा वेगळा आहे. तेथें गाड्या रांगतात आणि वाघ दिसला कीं इंजिन बंद करून उभ्या राहतात. इंजिन बंद होतांच पंप व पंखा थांबतात, पण लोखंडांतली उष्णता पाण्यांत उतरतच असते. म्हणून पांच मिनिटें तापमान उलट वाढतें. तेथें विजेचा पंखा उपयोगी. मात्र त्याच्या तारा उलट जोडल्या तर तो वारा पुढें फेंकतो आणि गाडीच्या चालीशीं भांडतो. जाळीशीं कागदाचा तुकडा धरून वारा कोणीकडे वाहतो तें पाहावें. परीक्षेला एवढेंच पुरे.

गाड्यांत फेरफार करणारांनीं कायदाही पाहावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आणि त्यावरील सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ च्या जानेवारींतील निकाल यांमुळें मूळ रचनेंत मनास येईल तसा बदल करण्यास वाव उरलेला नाहीं. इंजिन बदलण्याआधीं परिवहन कचेरीची परवानगी घेतलीच पाहिजे.

इतकें करूनही गाडी रानांत उकळलीच तर सावली पाहून थांबावें. पाणी सगळें गेलेलें नसेल तर इंजिन लगेच बंद न करतां थोड्या वाढत्या फेऱ्यांवर चालूं द्यावें, म्हणजे पंखा काम करीत राहील. पाणी गेलें असेल तर मात्र तत्काळ बंद करावें. झाकणास हात लावूं नये. अर्ध्या तासानें वरची रबरी नळी मुठींत धरून पाहावी. धरवत नसेल तर मागें रोगी कण्हत असला तरी आणखी थांबावें, कारण हात भाजलेल्या चालकाकडून दोघांपैकीं कोणीही इस्पितळांत पोंचणार नाहीं. मग झाकणावर ओलें पोतें टाकून तें पाव वेढा फिरवावें, फुसफूस पूर्ण थांबेपर्यंत थांबावें, आणि इंजिन सुरू करून पाणी बारीक धारेनें घालावें. नाल्याचें थंड पाणी एकदम तापल्या इंजिनांत ओतलें तर हेडला चीर जाते, आणि तें इंजिन भामरागडच्या वाटेवर कोणालाही दुरुस्त करतां येणार नाहीं.