संकेतस्थळावर आलेले गिऱ्हाईक टिकवा
(आंबा बागायतदारांसमोर केलेले भाषण)



हापूसची पेटी दलालाकडे न पाठवता थेट ग्राहकाच्या घरी पोहोचावी म्हणून आपल्यापैकी अनेकांनी स्वतःचे संकेतस्थळ तयार करून घेतले आहे. परंतु ते एकदा तयार झाले की आपण तिकडे फिरकत नाही. मार्चमध्ये पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक ते उघडते, तेव्हा त्याला गेल्या हंगामाचा भाव आणि ‘माल संपला’ ही पाटी दिसते. ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. कलमे लावून बाग सोडून दिली तर फळ धरत नाही, तसेच हे आहे.

प्रथम गिऱ्हाईक यावे कसे, ते पाहू. लोक इंटरनेटवर ‘रत्नागिरी हापूस पेटी’, ‘देवगड हापूस घरपोच’ असे साधे शब्द टाकून शोधतात. तेच शब्द, आपल्या गावाचे व तालुक्याचे नाव पहिल्या पानावर स्पष्ट लिहावे. गूगलच्या नकाशावर बागेची नोंद करावी. ती मोफत होते. प्रत्येक पेटीत संकेतस्थळाचा पत्ता छापलेली चिठ्ठी टाकावी.

आलेले गिऱ्हाईक टिकवण्यासाठी पुढील बाबींकडे लक्ष द्यावे.

१) पान मोबाईलवर चटकन उघडले पाहिजे. मोठ्या आकाराचे फोटो लहान करून टाकावेत. फोटो आपल्याच बागेचे असावेत.

२) आजचा भाव, पेटीत किती डझन, एका फळाचे वजन किती ग्रॅम, वाहतूक खर्च आणि माल किती दिवसांत पोहोचेल, हे सुरुवातीलाच द्यावे. भाव विचारण्यासाठी फोन करायला लावू नये. हंगामात ही माहिती रोज सकाळी तपासावी.

३) फळ चौदा आणे तयार झाल्यावर देठासह काढले, पेंढ्याच्या अढीत पिकवले, असे जे खरोखर करता तेच लिहावे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, हेही ग्राहकाला सांगावे.

४) कोकणातील हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी केली असेल तरच ते चिन्ह लावावे.

५) साका बाहेरून दिसत नाही. फळ कापल्यावर साका निघाला तर बदली फळ किंवा पैसे कसे परत देणार, हे आधीच लिहून ठेवावे आणि तसेच वागावे. या एका गोष्टीने ग्राहकाचा जेवढा विश्वास बसतो, तेवढा कोणत्याही जाहिरातीने बसत नाही.

हंगाम संपला म्हणून पान बंद ठेवू नये. आंबापोळी, आमरस, कोकम, काजूगर असेल तर त्याची माहिती द्यावी. मोहोर आला, फळधारणा झाली, काढणी कधी सुरू होईल, याच्या चार ओळी व एक फोटो टाकावा. गिऱ्हाइकाच्या संमतीने त्याचा नंबर वहीत नोंदवावा आणि पहिली काढणी ठरताच त्याला निरोप पाठवावा. मात्र रोज निरोप पाठवून त्याला त्रास देऊ नये.

बंधू-भगिनींनो, नवे गिऱ्हाईक मिळवण्यास खर्च येतो. जुने गिऱ्हाईक स्वतःहून पेटी मागवते आणि शेजाऱ्यालाही सांगते. म्हणून येत्या हंगामापूर्वी आपले संकेतस्थळ आपल्याच मोबाईलवर गिऱ्हाईक म्हणून एकदा उघडून पाहा आणि जे अडते ते आधी दुरुस्त करा.