वेगळे काढलेले ताट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. चारचौघींत उभे राहून बोलण्याची ही पहिलीच वेळ. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या घरी जे झाले ते सांगा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

२०१६ सालच्या श्रावणात ह्यांच्या तोंडात फोड आले. आम्हांला वाटले उष्णता झाली. गुलकंद झाला, सब्जा झाला, तूप लावून झाले. एका डॉक्टरांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. चार महिने गेले तरी जखमा भरेनात. पानावर बसले की पहिल्या घासालाच ह्यांच्या डोळ्यांत पाणी येई. मग मार्गशीर्षात छातीपाठीवर पाण्याने भरलेले फोड उठले. फुटले की खालचे मांस उघडे पडे आणि सदरा त्याला चिकटे.

कोणी म्हणाले नागीण, कोणी म्हणाले पूर्वजन्मीचे पाप. आमच्या दुकानातली गिऱ्हाइके ह्यांच्या हातची साखर घेईनात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका आल्या त्या उंबऱ्यातूनच वाण घेऊन परतल्या. त्या वेळी मला राग आला होता. पण आज खरे सांगते, मी तरी काय वेगळे केले? ह्यांचे ताट, तांब्या आणि पंचा मी बाजूला काढला. मुलांना म्हटले, बाबांच्या खाटेवर बसू नका. ह्यांनी एका शब्दाने विचारले नाही. जेवण झाले की आपले ताट आपणच धुवून खिडकीत निराळे पालथे घालू लागले.

शेवटी मोठ्या सरकारी इस्पितळात गेलो. तिथे कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासला आणि रोगाचे नाव कळले, पेम्फिगस. हा फोडासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आलेला शब्द. रोग विरळा आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजेल असे सांगितले. आपल्या कातडीच्या पेशी जणू टाके घालून एकमेकींना जोडलेल्या असतात. शरीराचे रक्षण करणारी शक्तीच चुकून हे टाके उसवू लागते. मग कातडीचे पदर सुटतात आणि मध्ये पाणी भरते. "हा रोग शिवण्याने, एका ताटात जेवण्याने, जवळ निजण्याने कोणाला होत नाही," असे म्हणून त्यांनी ह्यांचा हात हातात घेतला. मी मान खाली घातली. घरी जाऊन पहिले काम केले ते म्हणजे खिडकीतले ताट उचलून सगळ्या ताटांत ठेवले.

पुढची शुश्रूषा मी दवाखान्यातच शिकले. अंगाला चादर चिकटे, म्हणून केळीची पाने स्वच्छ धुवून त्यांवर निजवत. तुळतुळीत पानाला जखम चिकटत नाही. आपण ज्या पानावर पंगत जेवतो त्याचा असाही उपयोग आहे हे मला ठाऊक नव्हते. फोडाची साल ओढून काढायची नाही, अंग खसाखसा पुसायचे नाही, जुने मऊ सुती कपडे घालायचे. तिखट, गरम आणि कडक खाणे बंद. मऊ भात, वरणाचे पाणी, पातळ लापशी, ताक, पिकलेले केळे यांवर महिने काढले. चिमूटभर मिरचीसुद्धा त्यांना निखाऱ्यासारखी लागे. मग आम्ही सगळ्यांनीच बिनतिखटाचे खायला सुरुवात केली.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फोड आटोक्यात आले, पण चेहरा सुजला आणि रक्तातली साखर वाढली. एका हितचिंतकाने सांगितले, "ह्या गोळ्या विष आहेत, टाकून द्या." ह्यांनी मला न सांगता त्या बंद केल्या. आठ दिवसांत अंग पुन्हा सोलवटले आणि आम्ही परत इस्पितळात. भगिनींनो, ह्या गोळ्या डॉक्टरांवाचून एकदम कधी बंद करू नका. स्टेरॉइड येण्यापूर्वी ह्या रोगाचे बहुतेक रोगी दगावत.

नंतर ह्यांना सलाइनमधून औषध दिले. दर २८ दिवसांनी तीन दिवस. ही रीत १९८० च्या दशकात दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी सुरू केली. म्हणजे आपल्याच देशात निघालेला उपाय. हल्ली रिटुक्सिमॅब नावाचे इंजेक्शनही देतात. अमेरिकेत ह्या रोगासाठी त्याला २०१८ साली मान्यता मिळाली.

त्या दिवसांत दुकान मी चालवले. थकून घरी यावे तर हे म्हणत, "तुझ्यावर किती भार टाकला मी." एकदा मी चिडून म्हटले, "भार कसला? मी आजारी पडले असते तर मला काय टाकून दिले असते?" त्यावर दोघेही रडलो. त्या रात्री ह्यांना चांगली झोप लागली.

२०२० साली औषधे बंद झाली. रोग पुन्हा डोके वर काढू शकतो, म्हणून तपासणीला जातोच. पाठीवर काळे डाग राहिले आहेत. दुकानात हे पूर्वीसारखे बसतात.

शेवटी एवढेच मागणे. तोंडातले फोड बरेच दिवस बरे होत नसतील तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि कोणाच्या घरी असे दुखणे आले तर औषधे सुचवायला जाऊ नका. आत जा, खाटेशेजारी बसा, त्या घरचा चहा घ्या. आमच्याकडे पहिल्यांदा अशी आत येऊन बसलेली बाई आज ह्या सभेत आहे. नाव घेतलेले तिला आवडणार नाही. तिने त्या दिवशी घेतलेला कपभर चहा मी जन्मभर विसरणार नाही.