सांगाड्याची सहनशक्ति

एखाद्या मोटारीचें लहान इंजिन काढून त्या जागीं दुप्पट मोठें इंजिन बसवावें, ही कल्पना मोटार बांधणाऱ्या हौशी माणसाच्या मनांत सहज येते. परंतु इंजिन म्हणजे केवळ शक्तीचें भांडार नव्हे. त्याला वजन आहे, लांबी-रुंदी आहे, उष्णता आहे. आणि तें जो जोर चाकांकडे पाठवितें, त्या जोराचा उलट धक्का ज्यानें सोसावयाचा, तो सांगाडा पत्र्याखालीं दृष्टीआड राहिलेला असतो. इंजिनाची स्तुति सर्व करतात. सांगाड्याची आठवण मात्र तो पिळला म्हणजेच होते. हें तत्त्व समजण्यास, इंग्लंडांत जन्मलेल्या व अमेरिकेंत नांवारूपास आलेल्या एका मोटारीचें चरित्र फार उपयोगी पडेल.

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडांत हौशी मंडळींनीं लहानसहान कारखान्यांत शर्यतीच्या मोटारी बांधाव्या, अशी लाटच आली होती. जॉन टोजेरो हा अशा बांधणाऱ्यांपैकीं एक. त्याचा सांगाडा अगदीं साधा, शिडीसारखा होता. ३ इंच व्यासाच्या दोन पोलादी नळ्या लांबीच्या दिशेनें समांतर ठेवलेल्या, त्यांना आडव्या नळ्यांनीं वेल्डिंग करून जोडलेलें, आणि पुढें व मागें चाकांसाठीं स्प्रिंगचे पाटे आडवे बसविलेले. टेम्स डिटन येथील ए. सी. कंपनीस ही रचना आवडली. तिनें ती विकत घेतली व १९५३ सालीं लंडनच्या मोटार-प्रदर्शनांत ‘एस’ या नांवानें मांडली. तिच्यांत कंपनीचें स्वतःचें सुमारें २ लिटरचें सहा सिलिंडरचें इंजिन होतें. त्या इंजिनाचा मूळ आराखडा मात्र १९१९ सालचा! सांगाडा तरुण आणि इंजिन वयस्क, असा तो विजोड संसार होता.

पुढें १९५६ पासून ब्रिस्टल कंपनीचें अधिक जोमदार इंजिन गिऱ्हाइकांस मिळूं लागलें. आकारमान तेंच, म्हणजे सुमारें २ लिटर, पण शक्ति १२० अश्वशक्तींच्या वर. सांगाड्यानें तें आनंदानें सोसलें. १९६१ सालीं ब्रिस्टलनें तें इंजिन बनविण्याचें थांबविलें आणि ए. सी. पुढें अडचण उभी राहिली. फोर्ड झेफिरचें २.६ लिटरचें इंजिन कांहीं मोटारींत घालण्यांत आलें. तें उंचीनें कमी असल्यामुळें मोटारीचें नाक सखल करतां आलें. इंजिन बदललें कीं मोटारीचा चेहराही बदलतो, याचें हें उदाहरण.

याच सुमारास अमेरिकेंतील कॅरोल शेल्बी यानें ए. सी. कडे विचारणा केली. १९५९ सालीं ल मान्सची २४ तासांची शर्यत त्यानें रॉय साल्व्हाडोरी याच्यासह जिंकली होती. पण हृदयविकारामुळें त्याला शर्यती सोडाव्या लागल्या होत्या. ‘एस’च्या सांगाड्यांत अमेरिकन व्ही-८ इंजिन घालावें, हा त्याचा बेत. फोर्डनें नुकतेंच पातळ भिंतींच्या ओतकामाचें, सुमारें ४.२ लिटरचें इंजिन तयार केलें होतें. आकारमान ब्रिस्टलच्या दुपटीहून अधिक. पण वजन फारसें अधिक नव्हतें. सर्व योजनेची किल्ली येथेंच होती. पुढच्या चाकांवरील भार वाढला नाहीं, म्हणून मूळचा तोल मोडला नाहीं. १९६२ च्या प्रारंभीं पहिला सांगाडा विमानानें कॅलिफोर्नियांत गेला आणि तेथें त्यांत इंजिन बसविण्यांत आलें. हीच पुढें ‘कोब्रा’ म्हणून प्रसिद्ध झाली.

इंजिन बसलें, पण इंजिन बसणें म्हणजे मोटार होणें नव्हे. व्ही-८ इंजिन रुंद. म्हणून स्टेअरिंगची पेटी बाजूस सरकवावी लागली. मागच्या चाकांकडे जाणारा जोर दुणावला. म्हणून जुनें डिफरन्शियल काढून जग्वार ई-टाइपच्या जातीचें भक्कम डिफरन्शियल घालावें लागलें. मुख्य नळ्यांच्या भिंती जाड कराव्या लागल्या. ब्रेकचा हिशेब तर फार कडक आहे. वेग दीडपट झाला कीं गाडी थांबवितांना ब्रेकला जिरवावी लागणारी शक्ति सव्वादोनपट होते. पळण्याची शक्ति वाढविणाऱ्यानें थांबण्याची शक्ति आधीं वाढवावी, हा नियम येथून निघतो.

१९६३ मध्यें इंजिन ४.७ लिटरचें झालें व स्टेअरिंगची रचनाही सुधारली. आतां मूळच्या शिडीचा दोष उघड होऊं लागला. बांबूची शिडी दोन टोकांवर टेकवून तिच्यावर भार ठेविला तर ती पुष्कळ सोसते; पण तिचीं दोन टोकें उलटसुलट पिळलीं तर ती सहज वळते. मोटारीचें तसेंच. वळणावर पुढचा व मागचा भाग निरनिराळ्या प्रमाणांत कलूं पाहतात. सांगाडा पिळला कीं चाकांचे ठरविलेले कोन बदलतात, आणि चालकाच्या हातांतील अंदाज फसतो. आगपेटीच्या आंतला कप्पा बोटांनीं पिळतां येतो. तो बाहेरच्या वेष्टणांत सरकविला म्हणजे पिळत नाहीं. पीटर ब्रॉक यानें १९६४ साठीं आंखलेल्या बंद छपराच्या ‘डेटोना’ मोटारींत शिडीवर त्रिकोणी जोडांच्या नळ्यांचें जाळें चढविण्यांत आलें, त्याचें मर्म हेंच. चौकोन कोपऱ्यांतून ढळतो. त्रिकोण, बाजू न मोडतां, ढळत नाहीं. याच मोटारींच्या बळावर १९६५ सालीं मोठ्या इंजिनांच्या गटांतील विजेतेपद फेरारीकडून शेल्बीकडे आलें.

तरीही हांव थांबली नाहीं. १९६४ मध्यें सेब्रिंगच्या शर्यतीसाठीं त्याच पाट्यांच्या सांगाड्यांत ७ लिटरचें प्रचंड इंजिन घालून एक मोटार तयार करण्यांत आली. सरावांतच केन माइल्स या कसलेल्या चालकाचा ताबा सुटला आणि ती झाडावर आदळली. एका अपघातावरून सिद्धांत मांडूं नये हें खरें. पण पुढें जें करण्यांत आलें तें बोलकें आहे. १९६५ पासून ७ लिटरच्या मोटारीसाठीं जुन्या सांगाड्याला ठिगळें लावण्याचें सोडून नवाच सांगाडा आंखण्यांत आला. ३ इंचांच्या ऐवजीं ४ इंचांच्या नळ्या आल्या, त्या एकमेकींपासून अधिक दूर ठेवल्या गेल्या, आणि आडव्या पाट्यांच्या जागीं कॉइल स्प्रिंगा बसल्या. गणित पाहण्यासारखें आहे. भिंतीची जाडी तीच ठेविली, तर पातळ नळीचें वजन व्यासाच्या प्रमाणांत, पण पीळ रोखण्याचें सामर्थ्य व्यासाच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. म्हणजे ३ चे ४ इंच करतांना वजन एकतृतीयांशानें वाढतें, तर सामर्थ्य सव्वादोन पटींहून अधिक होतें.

आजही अनेक देशांत हौशी लोक आपल्या घरच्या गॅरेजमध्यें या मोटारीच्या प्रतिकृती बांधतात, आणि त्यांच्यापुढेंही हाच मोह उभा असतो. इंजिनाला आधार देणारे दोन नवे ब्रॅकेट वेल्डिंगनें लावले, एक आडवी नळी आड येते म्हणून कापली, आणि काम झालें असें वाटतें. पण ती आड येणारी नळी तेथें कोणी उगीच ठेविलेली नसते. ती कापण्यापूर्वीं तिच्यावर कोणता भार येतो आणि ती गेल्यावर तो कोण वाहणार, याचें उत्तर हातीं असावें लागतें. इंजिन पैशानें आणतां येतें व एका दिवसांत बसवितां येतें. सांगाडा मात्र विचारानेंच मोठा करावा लागतो. आणि हा विचार चुकला तर त्याची किंमत कारखान्यांत नव्हे, रस्त्यावर द्यावी लागते.