आधी चेंडू उसळवा

अ‍ॅनिमेशन शिकायचंय म्हणणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कॉम्प्युटर कोणता घेऊ?’ पाठोपाठ शंका येते, ‘माझी चित्रकला बेताचीच आहे, जमेल का?’ कॉम्प्युटरची घाई नको. क्रिटा, ब्लेंडर हे प्रोग्राम फुकट मिळतात, ते कुठे जात नाहीत. आणि चित्रकलेचं म्हणाल, तर पहिला धडा असतो उसळत्या चेंडूचा. गोल कुणालाही काढता येतो. खरी गोम आहे ती दोन गोलांमधल्या अंतरात.

सिनेमात सेकंदाला 24 चौकटी डोळ्यांपुढून जातात. एकेक चित्र दोन चौकटी दाखवलं, तर 12 चित्रांत सेकंद भागतो. ही चित्रं समान अंतरावर काढली, तर चेंडू नुसता सरकतो. खरा चेंडू वर जाताना मंदावतो, म्हणून तिथे चित्रं खेटून हवीत. खाली येताना अंतर वाढवत न्यायचं. जमिनीवर आपटला की किंचित चपटा करायचा. पण उंची घटवली की रुंदी वाढवायची, नाहीतर चेंडू आकसल्यासारखा दिसतो. आता गोल तेच ठेवून अंतरं आणि उसळ्या बदला. त्याच गोलाचा लोखंडी गोळा होतो, नाहीतर फुगा.

चित्रं काढायचीच नसतील, तर दादासाहेब फाळक्यांची वाट धरा. 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’आधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाचं रोज थोडंथोडं चित्रण करून ते पडद्यावर झरझर वाढताना दाखवलं. 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये तर काड्यापेटीतल्या काड्याच नाचवल्या. आज मोबाइल पक्का बसवून हेच करता येतं: काडी जराशी सरकवा, हात बाजूला घ्या, फोटो काढा, पुन्हा सरकवा. खिडकी मात्र लावून घ्या. ऊन कमीजास्त झालं की सगळं चित्र लुकलुकतं.

चेंडू जमला की त्याला शेपूट लावा. शेपटीचं टोक चेंडूपेक्षा जरा उशिरा वळलं पाहिजे. त्यानंतर घ्या पिठाचं अर्धं भरलेलं पोतं. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. ते रुसलंय हे पाहणाऱ्याला न सांगता कळलं, तर खुशाल माणूस चालवायला घ्या.