वैशाखातील माहेर



उन्हाळा आणि आनंद हे दोन शब्द कोणी एका दमात उच्चारले, तर लोहाऱ्याचा मनुष्य आधी डोक्यावरचे उपरणे सारखे करील आणि मग बोलणाऱ्याच्या प्रकृतीची चौकशी करील. यवतमाळ शहराला जवळजवळ लागलेले हे आमचे गाव. वैशाखात पारा ४२ अंशांवर सहज चढतो आणि दुपारी रस्त्यावर चिटपाखरूही दिसत नाही. तथापि शेतकऱ्याच्या वर्षात थोडा मोकळा श्वास घ्यावयास मिळतो तो याच दिवसांत. कपाशीची वेचणी आटोपलेली असते, तूर-हरभरा घरात आलेला असतो आणि मृगाला अजून अवकाश असतो.

या रिकाम्या दिवसांचे सोने कसे करावे, हे पाहावयाचे असेल तर आपल्या पश्चिमेस खानदेशात जावे. वैशाख शुद्ध तृतीयेला आपण अक्षय्य तृतीया म्हणतो, खानदेश तिला आखाजी म्हणतो. पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर पुजावी आणि आमरसाचे जेवण करावे, हे आपल्याकडेही आहेच. परंतु तेथे आखाजीचा खरा मान सासुरवाशिणीचा. तिला आणावयास माहेरचा मुराळी जातो. तो दारात दिसला म्हणजे तिच्या हातातील काम तेथेच थबकते.

माहेरी आल्यावर चार-आठ दिवस तिचे असतात. ऊन कलले म्हणजे कडुलिंबाच्या फांदीला दोर बांधून झोका टाकावयाचा, मैत्रिणींसह फेर धरावयाचा, झिम्मा-फुगडी खेळावयाची, गौराईची गाणी म्हणावयाची. गौर बोळवावयास सगळ्या मिळून नदीवर जावयाचे. पैलतीरावर दुसऱ्या गावच्या मुली असल्या तर गाण्यांतूनच त्यांच्याशी यथेच्छ भांडावयाचे! ही त्यांची सहल. तिला तिकीट लागत नाही.

या गाण्यांचा स्वर गोड असला तरी विषय नेहमीच गोड नसतो. झोका उंच गेला की सासूचा जाच, नणंदेचे टोमणे, दूर दिलेल्या लेकीचा आईवरचा रुसवा, सगळे वर येते. जे बाई जेवताना सांगणार नाही, ते ती गाण्यात सांगते. गाणे सर्वांचे असल्यामुळे कोणी तिला जाब विचारू शकत नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनी या सणावर गाणे रचले. १८८० साली जन्मलेल्या या बाईंना अक्षरओळख नव्हती. १९५१ साली त्या निवर्तल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. ती टिपून ठेवणारे कोणी घरात होते, म्हणून ती आपल्यापर्यंत आली. ज्या घरांत असा कोणी नव्हता, तेथील गाणी झोक्याबरोबरच विरून गेली असतील.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. याच आखाजीला खानदेशात सालदाराचे साल पुरे होते, जुना हिशेब मिटतो आणि नवा करार ठरतो. म्हणजे वर्षभर घराला जखडलेली सून आणि वर्षभर शेताला जखडलेला गडी, दोघांनाही मोकळे करणारा हा एकच दिवस. विसावा हा श्रमणाऱ्याचा हक्क आहे, हे आपल्या पूर्वजांनी व्याख्यान न देता पंचांगातच बसवून टाकले.

परंतु येथे एक प्रश्न राहतो. लेक झोक्यावर बसली असता चुलीपाशी कोण असते? भावजय. तीही कोणाची तरी लेकच आहे. ती आपल्या माहेरी गेली असेल, तर सारा भार म्हाताऱ्या आईवर पडतो. पाहुण्यांनी घर भरले, रसाच्या वाट्यांवर वाट्या रिकाम्या झाल्या, आणि घरातील एका माणसाला बाहेरचे गाणे केवळ धुराआडून ऐकू आले, तर तो सण घराचा झाला असे कसे म्हणावे?

म्हणून लोहाऱ्याच्या आणि लोहाऱ्यासारख्या सर्व गावांच्या श्रोत्यांना माझी एक विनंती आहे. मुलांच्या शाळा सुटलेल्या असताना आठ दिवस लेकीबाळींना घरी बोलवा. संध्याकाळी कमळेश्वराच्या जुन्या देवळापर्यंत सगळे मिळून पायी जा. निंबाला झोका बांधा. आणि त्या आठवड्यात आंबे पिळण्याचे काम पुरुषांनी आपल्याकडे घ्यावे. ते फार अवघड नाही, केवळ सदऱ्यावर डाग पडतात, इतकेच.

मग अंगणात खाट टाकून स्वस्थ बसावे आणि बायका काय गातात ते कान देऊन ऐकावे. आपल्या घरातील माणसाच्या मनात वर्षभर काय साचले होते, ते कदाचित प्रथमच कळेल. झोका आठ दिवसांनी सोडावाच लागतो, मुराळ्याने आणलेली लेक परत जातेच. पण आपले ऐकून घेतले गेले, एवढी शिदोरी जरी तिच्याबरोबर गेली, तरी पुढचा वैशाख येईपर्यंत ती तिला पुरेल.