जुन्या धर्मपत्रांतील मृत्युवार्ता



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला म्हणजे तो बोनस, महागाई आणि संप यांवरच बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज ती बाजूला ठेवावी लागेल. अमेरिकेतील जुन्या धार्मिक वृत्तपत्रांत मृत्यूच्या बातम्या छापून येत, आणि त्यांवरून तिकडचे लोक आज आपल्या घराण्याचा माग काढतात, त्याविषयी आम्ही बोलणार आहोत. आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतच. पुढचे सारे नगरवाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी धरू नये.

या विषयाकडे आम्ही वळलो ते एका हरलेल्या दाव्यामुळे. आमचा एक सभासद, सूतगिरणीतला कामगार, गिरणी बंद पडल्यावर गावी गेला आणि तिकडेच वारला. मृत्यूची नोंद त्या वेळी कोणी केली नाही. पुढे खटपट करून करवून घेतली, तर नावाचा मेळ बसेना. हजेरीपटावर एक नाव, शिधापत्रिकेवर दुसरे. त्याची बायको प्रॉव्हिडंट फंडासाठी आमच्याकडे आली. दोन्ही नावे एकाच माणसाची, हे साऱ्या गावाला ठाऊक. कागदाला ठाऊक नव्हते. तीन वर्षे खेटे घातले आणि शेवटी आम्ही हात टेकले. बाई एवढेच म्हणाल्या, "दादा, कुणी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर झालं असतं, न्हाई का?"

त्या चार ओळी डोक्यात घोळत असतानाच अमेरिकन मराठी मिशनचा इतिहास वाचनात आला. या मिशनचे गॉर्डन हॉल १८२६ च्या मार्चमध्ये नाशिकजवळ पटकीने वारले. पुढे १८४२ साली याच मिशनने अहमदनगरला 'ज्ञानोदय' काढले. असले पत्र काढण्याची चाल ही मंडळी आपल्या देशातूनच घेऊन आली होती. तिकडे प्रत्येक पंथाचे आपले साप्ताहिक असे. पोर्टस्मथचे 'हेरल्ड ऑफ गॉस्पेल लिबर्टी' १८०८ चे, बॉस्टनचे 'झायन्स हेरल्ड' १८२३ चे, न्यूयॉर्कचे 'ख्रिश्चन ॲडव्होकेट' १८२६ चे. शेवटची दोन मेथडिस्ट पंथाची. या पंथाचे उपदेशक घोड्यावर बसून गावोगाव फिरत, आणि पत्राची वर्गणी गोळा करण्याचे कामही तेच करीत. हे वाचून आम्हांला हसू आले. वर्गणीची पावतीपुस्तके खिशात घालून फिरण्यात आमचीही तीस वर्षे गेली आहेत.

ज्याने वर्गणी घेतली, तोच त्या घरी कोणी मेले की पत्राला मजकूर लिहून पाठवी. म्हणून या बातम्यांत शेतकरी येतो, चांभारकाम करणारा येतो, बाळंतपणात गेलेली बावीस वर्षांची बाई येते. व्यापारी दैनिकांत अशा माणसांना जागा मिळालीच तर एखाद्या ओळीची. सरकारी नोंद तर पुष्कळ ठिकाणी नव्हतीच. मॅसॅच्युसेट्सने राज्यभर जन्ममृत्यूची नोंद १८४१ साली सुरू केली. जॉर्जियात ती १९१९ मध्ये सुरू झाली. मधल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांत जॉर्जियात जे मेले, त्यांतल्या कित्येकांना कबरीचा दगडदेखील नाही. त्यांचा ठावठिकाणा लागलाच तर अशा एखाद्या साप्ताहिकात.

आता ही बातमी वाचायची कशी? येथे हजेरीपट वाचणाऱ्याचा डोळा उपयोगी पडतो. मयत बाईच्या नावापुढे 'कन्सॉर्ट' असेल तर नवरा हयात आहे. 'रिलिक्ट' असेल तर ती विधवा, म्हणजे नवऱ्याचा मृत्यू त्या तारखेच्या आधी शोधायचा. एका शब्दात दुसऱ्या माणसाचा मृत्यू सापडतो. 'इन्स्टंट' म्हणजे चालू महिना, 'अल्टिमो' म्हणजे मागचा महिना. पण चालू महिना कोणाचा? पत्र लिहिणाऱ्याचा, छापणाऱ्याचा नव्हे! उपदेशकाने जानेवारीत लिहिलेला मजकूर कधी मार्चमध्ये छापला जाई, आणि पत्राची तारीख गाळली गेली तर वाचणारा दोन महिन्यांनी चुकतो. म्हणून मृत्यूचा सुमार ठाऊक असला, तरी पुढचे वर्षभराचे अंक चाळावे लागतात. आणि त्याही आधी माणूस कोणत्या पंथाचा होता हे कळायला हवे. मेथडिस्टाचे मरण बॅप्टिस्टांच्या पत्रात शोधणे म्हणजे एका युनियनच्या सभासदाचे नाव दुसरीच्या दप्तरात शोधणे.

वयाचा हिशेब तर मौजेचा आहे. समजा, लिहिले आहे की अमुक गृहस्थ १० मार्च १८४३ रोजी, वय वर्षे ६१, महिने ४, दिवस २० असताना वारले. मागे मोजत गेले की जन्म २१ ऑक्टोबर १७८१ चा निघतो. जन्माचा दाखला कोठेही नसताना जन्मतारीख हाती येते. पण 'वयाच्या एकसष्टाव्या वर्षी' असे लिहिले असेल तर पुरी झालेली वर्षे साठच. आपल्याकडे 'साठ सरून एकसष्टावे लागले' म्हणतात, तसेच ते. यात आम्ही स्वतः ठेच खाल्ली आहे. एका कामगाराने अठ्ठावन्न सांगितले, आम्ही अठ्ठावन्न लिहून पेन्शनचा अर्ज पाठवला, आणि तो परत आला. गड्याला अठ्ठावन्नावे नुकतेच लागले होते. वर्षभर तो आमच्याकडे रागाने पाहत असे, आणि त्याचे चुकत नव्हते.

बातमीच्या शेवटी कधीकधी एक विनंती असते, की ओहायोच्या पत्रांनी ही बातमी उतरून घ्यावी. घाईचा वाचक ती सोडून देतो. पण मयताचा मुलगा, भाऊ किंवा लेक पश्चिमेकडे ओहायोत जाऊन राहिली होती, हे त्यावरूनच कळते. शोधणाऱ्याला पुढची वाट तेथूनच फुटते.

मधला मजकूर मात्र जपून घ्यावा. त्यात मरणारा प्रत्येकजण शांत चित्ताने, देवाचे नाव घेत मरतो. दुखण्याने ओरडलेला, कर्ज ठेवून गेलेला, बायकोशी भांडलेला कोणी आढळत नाही. हा मजकूर वारसांसाठी लिहिलेला नव्हता. श्रद्धावंताने कसे मरावे हे इतरांना दाखवण्यासाठी होता. तरी त्याच्यात एक उपयोगाची गोष्ट असते. मयत कोणत्या साली, कोणत्या गावी पंथात आला हे बहुधा सांगितलेले असते. सतराव्या वर्षी माणूस कोठे होता हे त्यावरून समजते, आणि मग त्या गावच्या मंडळीचे दप्तर उघडता येते. ते न उघडता बातमीवरच वंशावळ रचणाऱ्यांवर आमचा विश्वास नाही.

आणि ज्यांचे मरण कोणी छापलेच नाही त्यांचे काय? दक्षिणेत लाखो माणसे गुलाम होती. १८५० आणि १८६० च्या शिरगणतीत गुलामांचे तक्ते निराळे केले. त्यांत मालकाचे नाव, आणि खाली बहुतेक ठिकाणी नुसते वय, लिंग आणि रंग. ही माणसे नावानिशी शिरगणतीत आली ती १८७० साली. तोवर आई एका राज्यात विकली गेलेली, मुलगा दुसऱ्या.

न्यू ऑर्लीन्सला 'साउथवेस्टर्न ख्रिश्चन ॲडव्होकेट' नावाचे मेथडिस्टांचे पत्र निघे. त्यात १८७९ पासून 'लॉस्ट फ्रेंड्स', म्हणजे हरवलेली माणसे, असे सदर चालू झाले. वर्गणीदाराचे पत्र फुकट छापत, इतरांना अर्धा डॉलर पडे. आणि उपदेशकांना विनंती असे की ही पत्रे रविवारी व्यासपीठावरून वाचून दाखवावीत. ज्याला अक्षर येत नाही त्याच्या कानावर आपले नाव पडावे, ही त्यातली योजना. गावाकडून आलेले पत्र खोलीतला एकजण वाचतो आणि दहाजण ऐकतात, हे मुंबईच्या गिरणगावात राहिलेल्यांना सांगायला नको.

ती पत्रे मृत्युवार्तांहून अगदी वेगळी आहेत. माझ्या आईचे नाव अमुक, भावंडे अमुक, आमचा धनी अमुक, त्याने मला तमक्याला विकले, तेव्हा मी एवढा होतो, त्यानंतर आईला पाहिले नाही. कोणाला ठाऊक असल्यास कळवावे. येथे मधे कोणी गोड करून सांगणारा नाही. मालकांची नावे एकामागून एक दिलेली असतात. ज्याने विकले त्याच्याच नावाच्या आधारे आज खापरपणतू आपल्या खापरपणजीपर्यंत पोचतात, कारण मालकाची मृत्युपत्रे आणि विक्रीखते कचेऱ्यांत जपून ठेवलेली आहेत. ही पत्रे आता न्यू ऑर्लीन्सच्या एका संग्रहालयाने एकत्र करून शोधण्याजोगी करून ठेवली आहेत. आम्ही ती कचेरीच्या संगणकावर चार रात्री वाचत बसलो. पाचव्या रात्री वाचवेना.

आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे नामावळ्या असतात. अस्थी घेऊन गेलेल्या माणसाचे, बापाचे, आजाचे नाव आणि गाव त्यांत सापडते. पण ज्याला तीर्थाला जाण्याची ऐपत होती, आणि ज्याला तेथे उभे करून घेत, त्याचेच नाव. लेकीसुनांची नावे बहुधा नाहीत.

घरी येऊन आम्ही आमच्या संघटनेच्या मासिक पत्रकाचे जुने अंक काढले. आमच्याच हातचे लिखाण! कैलासवासी अमुक यांना भावपूर्ण श्रद्धांजली. वय नाही, गाव नाही, कोणत्या खात्यात होते ते नाही, मागे कोण राहिले ते नाही. वीस वर्षांचे अंक असे भरलेले. त्या मेथडिस्ट उपदेशकाने घोड्यावरून उतरून आमच्यापेक्षा बरे काम केले होते.

आता मयताच्या घरी आम्ही वही घेऊन जातो. दोन्ही नावे विचारतो, हजेरीपटावरचे आणि घरातले. जन्मगाव, वय पुरे की लागलेले, कामाला लागल्याचे साल, मुलाबाळांची नावे. परवा एका घरी सगळे लिहून झाल्यावर बाईंनी विचारले, "आणि माझं?" त्यांच्या नवऱ्याच्या शेजारी त्यांचे नाव, माहेरच्या नावासकट, वैशाखाच्या अंकात छापले आहे.