पराक्रमाची उशिरा मिळालेली पोच

(जलतरणपटू मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावरील व्याख्यानाचा संक्षेप)



भारताला वैयक्तिक सुवर्णपदक प्रथम कोणी मिळवून दिले, असे विचारताच आपली मुले २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकचे, अभिनव बिंद्रा यांचे नाव सांगतात. ऑलिंपिकपुरते ते उत्तर बरोबरच आहे. परंतु त्यापूर्वी छत्तीस वर्षे, ऑगस्ट १९७२ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेत एका मराठी जवानाने सुवर्णपदक जिंकले होते. त्यांचे नाव मुरलीकांत पेटकर. हे नाव आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूर हा त्यांचा परिसर. जन्म १९४४ चा. सैन्याच्या ईएमई विभागात ते दाखल झाले आणि तेथे मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आले. १९६५ च्या भारत-पाक युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कमरेखालचे शरीर अधू झाले. ऐन विशीतील मल्लाला यापुढे रिंगणात उभेही राहता येणार नव्हते.

मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरविण्यात आले. पाणी शरीराचा भार पेलते, म्हणून ते दुबळ्या अवयवांना आधार देते. मात्र शर्यत म्हटली की तेच पाणी कठोर होते. पाय चालत नसतील तर ते मागे ओढ घेतात आणि सारा वेग खांद्यांतून व बाहूंतून काढावा लागतो. मुष्टियुद्धाने कमावलेले खांदे येथे कामी आले. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. पुढे जलतरण हेच त्यांचे क्षेत्र ठरले. या वाटचालीत ख्यातनाम क्रिकेटपटू विजय मर्चंट यांचे साहाय्य त्यांना लाभले.

हायडेलबर्गला ५० मीटर मुक्त शैलीची शर्यत त्यांनी ३७.३३ सेकंदांत जिंकली. त्यांच्या गटातील तो विश्वविक्रम होता. भारताचे पॅरालिंपिकमधील ते पहिलेच पदक. पुढच्या सुवर्णासाठी देशाला २००४ पर्यंत, देवेंद्र झाझरिया यांच्या भालाफेकीपर्यंत, वाट पाहावी लागली.

यानंतरचे आयुष्य मात्र प्रसिद्धीच्या झोतात गेले नाही. पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी आणि संसार, असे ते शांत जीवन होते. अर्जुन पुरस्काराची त्यांची मागणी त्या काळी मान्य झाली नाही. अपंगांच्या क्रीडास्पर्धा म्हणजे करुणेचा विषय, अशीच तेव्हा समाजाची समजूत होती. २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये त्यांच्या जीवनावरील 'चंदू चॅम्पियन' हा चित्रपट आला, आणि जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांना अर्जुन पुरस्कार प्रदान झाला.

सन्मान झाला याचा आनंद आहेच. परंतु पदक आणि हा पुरस्कार यांमध्ये बावन्न वर्षे गेली, याचा दोष केवळ शासनावर टाकून भागणार नाही. पेटकरांनी कोणाकडे दया मागितली नव्हती. आपला विजय इतरांच्या विजयाइतकाच मोजला जावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ती ओळखायला समाज म्हणून आपणही उशीर केला. आपल्या गावात, आपल्या वस्तीत असा एखादा जवान, असा एखादा खेळाडू आजही असेल. त्याच्या दारी आपण सत्काराचा हार घेऊन जाऊ तेव्हा जाऊ. निदान त्याचे नाव आणि त्याने काय केले, हे आपल्या मुलांना आजच सांगू या.